जागा मिळाली, पण पायरी राहिली

(शेतकरी व कारागीर पालकांच्या सभेंत एका खेड्यांतील शाळामास्तरांनीं दिलेलें व्याख्यान)



"अपंग मुलांचें कॉलेजांतील शिक्षण" हा आजचा विषय बाहेर फळ्यावर वाचून एका गृहस्थांनीं मला दारांतच गांठलें. ते म्हणाले, "मास्तर, आमचीं हातींपायीं धड असलेलीं पोरें बारावीपुढें सरकत नाहींत, आणि तुम्ही लुळ्या-आंधळ्यांचें कॉलेज कुठें काढलेंत?" प्रश्न टोचणारा असला तरी मनापासूनचा आहे. इथें बसलेल्या निम्म्या लोकांच्या मनांत तोच असेल. म्हणून त्याला बगल न देतां त्याचेंच उत्तर आधीं देतों.

ज्या पोराचे हातपाय धड आहेत तो शाळा सुटली तरी उपाशी मरत नाहीं. तो नांगर धरील, ट्रॅक्टर चालवील, विटा उचलील, पुण्या-मुंबईस जाऊन हमाली करील. ज्याचे पाय चालत नाहींत किंवा ज्याला दिसत नाहीं, त्याला यांपैकीं एकहि वाट मोकळी नाहीं. त्याला उरते ती डोक्याची वाट. धडधाकटाला विद्या म्हणजे भाकरीबरोबरचें कोरड्यास. अपंगाला विद्या हीच भाकरी. म्हणून घरांत दोन भावंडें असलीं आणि ऐपत एकालाच शिकविण्याची असली, तर हिशेबी शेतकऱ्यानें अपंग भावंडाला आधीं शिकवावें. आपण मात्र नेमकें उलटें करतों. धडधाकट मुलाला शिकवणी लावतों, आणि अपंगाला म्हणतों, "तूं घरीं बस, दारावर राखण कर."

दुसरी एक गोष्ट उघड बोलली जात नाहीं, पण मनांत असते. अपंगपण म्हणजे मागल्या जन्मींचें पाप, देवाचा कोप, कुणाची तरी करणी. एकदां पाप म्हटलें कीं फी भरणें व्यर्थ आणि अंगारा आणणें शहाणपणाचें ठरतें. बाबांनो, पोलिओचाच दाखला घ्या. एके काळीं गांवोगांवीं पोलिओनें पाय गेलेलें एखादें तरी पोर असे, आणि त्यालाहि पापाचेंच फळ म्हणत. पुढें लस आली, आणि घरोघर जाऊन पोरांच्या तोंडांत दोन-दोन थेंब घातले गेले. आपल्या देशांत नैसर्गिक पोलिओचा शेवटचा रोगी २०११ सालच्या जानेवारींत पश्चिम बंगालमध्यें सांपडला, आणि २७ मार्च २०१४ रोजीं जागतिक आरोग्य संघटनेनें भारतासह आपल्या बाजूच्या देशांचा सारा विभाग पोलिओमुक्त झाल्याचा दाखला दिला. पाप असतें तर तें दोन थेंबांनीं कसें धुतलें गेलें असतें? कीं त्यानंतर जन्मलेल्या सगळ्याच पोरांनीं मागल्या जन्मीं पुण्याचे ढीग रचले होते? रोगाला कारण असतें, अपघाताला कारण असतें, आणि कारणावर माणसाला उपाय शोधतां येतो. जेथें शरीरावरचा उपाय चालत नाहीं तेथें सोयीचा उपाय चालतो. आजचें माझें बोलणें या सोयीविषयीं आहे.

आतां कायदा काय म्हणतो तें पाहूं. १९९५ सालच्या कायद्यानें सरकारी व अनुदानित शिक्षणसंस्थांत अपंगांसाठीं तीन टक्के जागा राखल्या होत्या. त्याच्या जागीं २०१६ चा नवा कायदा आला. सरकारी कागदांत हल्लीं "दिव्यांग" असा शब्द वापरतात. शब्द कोणताहि असो, हक्क काय आहेत तें ध्यानांत ठेवा. उच्च शिक्षणाच्या सरकारी व अनुदानित संस्थांनीं किमान पांच टक्के जागा अपंग विद्यार्थ्यांसाठीं राखल्या पाहिजेत, आणि प्रवेशाच्या वयांत त्यांना पांच वर्षांची सवलत दिली पाहिजे. सरकारी नोकऱ्यांत चार टक्के जागा आहेत. यासाठीं अपंगपण ४० टक्के किंवा त्याहून अधिक असल्याचा दाखला लागतो. पूर्वीं अपंगपणाचे सातच प्रकार मानले जात. आतां २१ आहेत. नुसते आंधळे, बहिरे व पांगळेच त्यांत येतात असें नव्हे. सिकलसेल, थॅलेसिमिया, ॲसिडनें भाजलेलीं माणसें, खुजेपण, आणि बुद्धि चांगली असूनहि वाचायला-लिहायला जड जाणें यांसारखी अध्ययन अक्षमता, हींहि त्यांत धरलीं आहेत. आपल्या घरांतील एखादें मूल या यादींत बसत असेल आणि आपणांला त्याची वार्ताहि नसेल.

इतकें असून स्थिति काय आहे? २०११ च्या जनगणनेंत देशांत २ कोटी ६८ लाख अपंग मोजले गेले. एकट्या महाराष्ट्रांत २९ लाखांवर. म्हणजे शंभर माणसांत दोनांहून थोडे अधिक. पण केंद्र सरकारच्या २०२१-२२ च्या पाहणींत उच्च शिक्षण घेणाऱ्या ४ कोटी ३३ लाख विद्यार्थ्यांमध्यें अपंग विद्यार्थी एक लाखहि भरले नाहींत. हजारांत अडीचहि नाहींत! कणगी बांधून, सारवून तयार ठेवली आहे. तिच्यांत पायलीभरहि दाणा पडलेला नाहीं. मग हीं पोरें गेलीं कुठें? कांहीं प्राथमिक शाळेंत गळालीं, कांहीं दहावीला गळालीं, आणि कांहीं कॉलेजच्या पायरीपर्यंत जाऊन माघारीं आलीं. या शेवटल्या पोरांविषयीं मला विशेष बोलावयाचें आहे. कारण त्यांचें माघारीं येणें सर्वांत थोड्या खर्चांत टाळतां आलें असतें.

माझ्या शाळेंतून शिकून गेलेला एका सुताराचा मुलगा आहे. जन्मापासून त्याच्या दोन्ही पायांत बळ नाहीं, कुबड्यांवर चालतो. बापानें त्याला सायकलच्या कॅरिअरवर बसवून रोज शाळेंत आणलें. पोरानें बारावीला चांगले गुण मिळविले व तालुक्याच्या कॉलेजांत राखीव जागेवर त्याला रीतसर प्रवेश मिळाला. कुणीं त्याला नाहीं म्हटलें नाहीं, कुणीं अपमान केला नाहीं. पण त्याच्या वर्गाचे तास दुसऱ्या मजल्यावर भरत, आणि तेथें जायला चव्वेचाळीस पायऱ्या. पहिले दोन महिने दोघां मित्रांनीं त्याला उचलून वर नेलें. पुढें सोयाबीनच्या काढणीचे दिवस आले व मित्र आपापल्या शेतावर गेले. मग हा खालीं व्हरांड्यांत बसून वरचा तास संपण्याची वाट पाही, आणि कुणाची तरी वही मागून उतरून घेई. शौचालयाच्या दाराशीं पायऱ्या, आंत उकिडवें बसावें लागे. म्हणून सकाळी घरून निघाल्यापासून तो पाणीच पीत नसे. दिवाळीच्या सुटीनंतर तो कॉलेजांत गेला नाहीं. आज तो बापाच्या छपरांत बसून पाट-चौरंगांना पॉलिश करतो. तें काम प्रामाणिक आहे, मी त्याला हलकें म्हणणार नाहीं. पण त्या पोराला हिशेबनीस व्हायचें होतें.

आतां खर्चाचा हिशेब करा. कुणी म्हणेल, त्या कॉलेजनें लिफ्ट कुठून आणावी? लिफ्टची गोष्टच बाजूला ठेवा. त्याच इमारतींत तळमजल्यावर वर्गखोल्या होत्या. वेळापत्रकांतील एक ओळ खोडून दुसरी लिहिली असती, तर त्या मुलाचा वर्ग खालीं भरला असता. त्याला एक पैसाहि लागला नसता. हें कां झालें नाहीं? बापाला वाटलें, पोराला कॉलेजांत घेतलें हेच उपकार झाले, आतां आणखी कोणत्या तोंडानें मागूं? कॉलेजच्या चालकांना वाटलें, अडचण असती तर कुणीं सांगितली असती. दोन्हीकडचे लोक गप्प बसले, आणि त्यांत एका पोराचें शिक्षण संपलें.

म्हणून माझें आज एकच सांगणें आहे. जागा मिळणें हें एक काम आहे, आणि त्या जागेवर तीन वर्षें टिकून राहणें हें दुसरें. पहिलें काम कायद्यानें केलें. दुसरें काम मागितल्याशिवाय होत नाहीं. आणि मागणें म्हणजे पदर पसरणें नव्हे. कायद्यांत या मागण्याला नांव आहे : वाजवी सोय. संस्थेवर भलता बोजा न पडतां, त्या एका विद्यार्थ्याला इतरांच्या बरोबरीनें शिकतां यावें म्हणून जो फेरबदल करावा लागतो, ती वाजवी सोय. ती नाकारणें हा भेदभाव आहे, असें कायदा स्पष्ट म्हणतो. आपल्यांत शिंपी बसले आहेत. ते प्रत्येकाचें माप घेऊन सदरा बेततात. त्याला कुणी पक्षपात म्हणत नाहीं. सगळ्यांना एकाच मापाचा सदरा घालणें हाच अन्याय.

माप निरनिराळें कसें असतें तें थोडक्यांत सांगतों. आधीं ज्यांना दिसत नाहीं त्यांची गोष्ट. आंधळ्यांनीं बोटांनीं वाचावयाची लिपि ज्यानें तयार केली तो लुई ब्रेल फ्रान्समधील एका खेड्यांत १८०९ सालीं जन्मला. त्याचा बाप घोड्यांचें खोगीर व सामान बनविणारा कारागीर होता. तीन वर्षांचा असतां बापाच्या दुकानांत कातडें टोचण्याची आरी हातीं घेऊन खेळतांना ती डोळ्यांत गेली, आणि पुढें दोन्ही डोळे गेले. पण आईबापांनीं त्याला कोपऱ्यांत बसविलें नाहीं; गांवच्या शाळामास्तरानें त्याला इतर पोरांबरोबर वर्गांत बसूं दिलें, आणि दहाव्या वर्षीं तो पॅरिसच्या अंधशाळेंत गेला. पंधराव्या वर्षीं त्यानें सहा टिंबांची लिपि जुळविली. तीं टिंबें कागदावर उठविण्याचें हत्यार पाहाल तर तें आरीसारखेंच असतें. एका कारागिराच्या घरांतून जगभरच्या आंधळ्यांना अक्षर मिळालें, तें त्याला शाळेंत बसूं दिलें म्हणून.

आज ब्रेलच्या जोडीला मोबाईल व संगणक आले आहेत; ते मजकूर मोठ्यानें वाचून दाखवितात, मराठीसुद्धां. पण इथें एक गोम आहे. प्राध्यापकांनीं पुस्तकाच्या पानांचे नुसते फोटो पाठविले, तर वाचून दाखविणाऱ्या यंत्राला तें चित्र वाटतें, त्यांत अक्षरें आहेत हें त्याला कळत नाहीं. जुन्या पद्धतीच्या फॉन्टांत टाईप केलेल्या नोट्स दिल्या, तर यंत्र भलतेंच बरळतें. त्याच नोट्स युनिकोडमध्यें टाईप केल्या तर यंत्र त्या घडाघड वाचतें. टाईप करणाऱ्याचे श्रम तितकेच; फरक माहितीचा आहे. तसेंच प्राध्यापकांनीं फळ्यावर लिहितांना "हें इथून इथें न्या" असें न म्हणतां, जें लिहितात तें तोंडानें बोललें, तर न दिसणाऱ्या विद्यार्थ्याचा निम्मा तास वांचतो, आणि मागच्या बांकावरच्या डोळसांनाहि समजतें. ज्याला अंधुक दिसतें त्याला कधीं मोठ्या अक्षरांतील प्रश्नपत्रिका पुरते.

मुंबईच्या सेंट झेवियर्स कॉलेजांत २००३ सालीं न दिसणाऱ्या विद्यार्थ्यांसाठीं असें एक साहाय्य केंद्र निघालें. उल्हासनगरच्या प्रांजल पाटील त्याच कॉलेजांत बी. ए. झाल्या. लहानपणींच त्यांची दृष्टि गेली. दादरच्या अंधशाळेंत त्या शिकल्या. केंद्रीय लोकसेवा आयोगाच्या परीक्षेंत पास झाल्यावर पूर्ण अंधत्वाचें कारण सांगून रेल्वेची नोकरी त्यांना नाकारली गेली. त्यांनीं पुन्हां परीक्षा दिली, देशांत १२४ वा क्रमांक मिळविला, त्या आय. ए. एस. झाल्या आणि केरळांत उपजिल्हाधिकारी म्हणून त्यांनीं काम केलें. आपल्या गांवांतील आंधळी पोर सगळीच कलेक्टर होईल असें मी म्हणत नाहीं. डोळसहि सगळे होत नाहींत. पण तिचें दार आपणच आधीं बंद करूं नये.

ज्यांना ऐकूं येत नाहीं त्यांना आपण सरसकट मुके म्हणतों. पुष्कळदां त्यांच्या घशांत कांहींच दोष नसतो. ऐकूं न आल्यामुळें बोली कानावर पडलेली नसते, एवढेंच. त्यांची खुणांची भाषा ही खरी भाषा आहे. तिला स्वतःचें व्याकरण आहे, आणि तिच्या अभ्यासासाठीं केंद्र सरकारनें २०१५ सालीं दिल्लीस स्वतंत्र संस्था काढली आहे. अशा विद्यार्थ्याला पुढच्या बांकावर जागा हवी, शिकविणाऱ्याचें तोंड त्याच्याकडे हवें, तासाचें टिपण लिहून मिळावें, आणि शक्य तेथें खुणांच्या भाषेंत सांगणारा दुभाषा हवा. फळ्याकडे तोंड करून तासभर बोलणारा विद्वान् त्याच्या लेखीं भिंतीशींच बोलत असतो.

ज्यांचा हात चालत नाहीं किंवा सावकाश चालतो, त्यांना परीक्षेंत लेखनिक मिळतो. विद्यार्थ्यानें सांगावें व त्यानें लिहावें. त्यांना दर तासाला किमान २० मिनिटें अधिक वेळ मिळतो. म्हणजे तीन तासांच्या पेपराला एक तास जादा. दाखल्यावर ४० टक्के नसले म्हणजे हक्क संपला, असें समजूं नका. लिहितांना बोटें आंखडणाऱ्या एका उमेदवाराच्या खटल्यांत सर्वोच्च न्यायालयानें २०२१ च्या फेब्रुवारींत सांगितलें कीं, ४० टक्क्यांची अट राखीव जागांसाठीं आहे. ज्याला खरोखर लिहितां येत नाहीं त्याला लेखनिक नाकारण्यासाठीं ती वापरतां येणार नाहीं. मात्र लेखनिक किती शिकलेला असावा, तो कुणीं आणावा, याचे नियम वेळोवेळीं बदलतात. म्हणून परीक्षेचा अर्ज भरतांनाच चालू नियम विचारावा. परीक्षेच्या आदल्या दिवशीं धांवपळ करून लेखनिक मिळत नाहीं.

यानंतर राहण्याचा प्रश्न. आपल्या आजोबा-पणजोबांच्या वेळचा इतिहास आठवा. कोल्हापुरांत शाळा-कॉलेज होतेंच. पण खेड्यांतील कुणब्याच्या पोरानें शहरांत राहावें कुठें, खावें काय? म्हणून शाहू महाराजांनीं १९०१ सालीं पहिलें मराठा वसतिगृह उभें केलें, आणि पुढें निरनिराळ्या जातिधर्मांच्या मुलांसाठीं वसतिगृहें निघालीं. दार उघडें असून भागत नाहीं, दारापाशीं राहण्याची सोय लागते, हें त्या राजानें ओळखलें होतें. अपंग विद्यार्थ्याचें आज तेंच आहे. रोज वीस मैल एस. टी.नें ये-जा करणें धडधाकटालाहि नकोसें होतें. गाडीची पहिली पायरीच ज्याच्या गुडघ्याला लागते त्यानें काय करावें? त्याला कॉलेजजवळ, तळमजल्यावर, ज्याच्या शौचालयांत खुर्ची जाऊं शकेल अशी खोली हवी.

याच प्रश्नावर अमेरिकेंत काय झालें तेंहि ऐका, कारण आपण समजतों तितके ते देश आधींपासून शहाणे नव्हते. एड रॉबर्ट्स नांवाच्या मुलाला चौदाव्या वर्षीं पोलिओ झाला आणि मानेखालचें जवळजवळ सर्व अंग गेलें. श्वासासाठींसुद्धां त्याला लोखंडी यंत्रांत झोपावें लागे. मोटार हांकण्याचा व कसरतीचा तास झाला नाहीं म्हणून त्याच्या शाळेनें त्याला उत्तीर्ण करण्याचें नाकारलें होतें. त्याच्या आईनें भांडून तो दाखला मिळविला. १९६२ सालीं तो कॅलिफोर्नियांतील बर्कले विद्यापीठांत गेला. त्याचें यंत्र मावेल असें वसतिगृह नव्हतें, म्हणून विद्यापीठाच्या दवाखान्यांतील खोली त्याला राहायला दिली. त्याच्या मागोमाग दुसरे अपंग विद्यार्थी आले. त्यांनीं एकत्र बसून आपल्या गरजा लिहून काढल्या, आणि १९७० सालीं अपंग विद्यार्थ्यांसाठीं सोयींचा विभाग तेथें सुरू झाला. मदतनीस मिळवून देणें, चाकाच्या खुर्च्या दुरुस्त करणें हीं कामें तो करी. एका आईच्या भांडणापासून याची सुरुवात झाली, हें मायबहिणींनीं ध्यानांत ठेवावें.

मायबहिणींना आणखी एक सांगतों. अपंग मुलाला कॉलेजांत धाडणारा बापहि अपंग मुलीला घरांत ठेवतो. म्हणतो, "हिला कोण सांभाळील? उद्यां कांहीं झालें तर?" ही भीति खोटी नाहीं. पण तिला कुलूप लावणें हा त्यावरचा उपाय नव्हे. वसतिगृहांत सुरक्षित खोली आहे कीं नाहीं, शौचालयाला आंतून कडी आहे कीं नाहीं, रात्रीं मदतीला कोण असतें, हें आईनें स्वतः जाऊन पाहावें, विचारावें आणि नसेल तर लेखी मागावें. आईबाप कांहीं जन्माला पुरत नाहींत. आपल्यामागें भावजयीच्या दारांत ती मुलगी कशी राहील याची चिंता तुम्ही रात्रंदिवस करतां; तिच्या हातीं पदवी व नोकरी असणें हाच त्या चिंतेवरचा खरा उतारा आहे.

आतां मागावें कसें? पहिलें काम दाखल्याचें. जिल्हा रुग्णालयांतून अपंगत्वाचा दाखला व यू. डी. आय. डी. कार्ड मुलगा नववी-दहावींत असतांनाच काढून घ्या. दुसरें, प्रवेशापूर्वीं मुलाला घेऊन कॉलेज पाहून या. पायऱ्या मोजा, दारें पाहा, पाणी व शौचालय कुठें आहे तें पाहा. तिसरें, काय हवें याची यादी मुलालाच करूं द्या. त्याचें शरीर त्याला ठाऊक असतें. आपण अंदाजानें सांगूं नये. चौथें, ती यादी अर्जांत लिहून प्राचार्यांना द्या व नकलेवर पोंच घ्या. तोंडी मागितलेलें वाऱ्यावर जातें. पांचवें, शिष्यवृत्त्यांची चौकशी प्रवेशाच्या दिवशींच करा. अनेक कॉलेजांत यासाठीं समान संधी केंद्र असतें.

इतकें करूनहि नकार आला तर? सरकारी व अनुदानित संस्थांत तक्रार ऐकण्यासाठीं एक अधिकारी नेमलेला असावा, असें कायदा सांगतो. आधीं त्याच्याकडे जा. तेथें भागलें नाहीं तर पुण्यास राज्याच्या अपंग आयुक्तांचें कार्यालय आहे. न्यायालयेंहि हल्लीं ही बाजू समजूं लागलीं आहेत. आपल्याच महाराष्ट्रांतील एका विद्यार्थ्याला बोलण्यांत ४४-४५ टक्के दोष आहे म्हणून डॉक्टरीच्या शिक्षणाला अपात्र ठरविलें होतें. २०२४ च्या ऑक्टोबरांत सर्वोच्च न्यायालयानें निकाल दिला कीं, नुसत्या टक्क्यांवरून कुणाला बाद करतां येणार नाहीं. तो तें शिक्षण पुरें करूं शकतो कीं नाहीं हें तपासलें पाहिजे. त्या मुलाचा प्रवेश कायम झाला. टक्के शरीराचे मोजतात, कर्तबगारीचे नव्हेत.

शेवटीं आपल्या कारागीर बंधूंस एक शब्द. त्या कॉलेजच्या इमारती कुणीं बांधल्या? तुम्हीं. गवंडी तुम्ही, सुतार तुम्ही, लोहार तुम्ही. पायरीऐवजीं रॅम्प बांधतांना तो घसरगुंडीसारखा उभा बांधतात आणि म्हणतात, झाली सोय! त्यावरून खुर्ची चढत नाहीं, आणि उतरतांना माणूस तोंडावर पडतो. माप लक्षांत ठेवा : एक फूट उंचीला बारा फूट लांबी, चार फूट रुंदी, दोन्ही बाजूंना हाताला धरतां येईल असा कठडा, आणि जमीन खरबरीत. दाराची मोकळी रुंदी तीन फुटांच्या आंत नको. इंजिनियरच्या नकाशांत चुकीचा उतार दिसला तर त्याला दाखवून द्या; तुमच्या हातांना तेवढें कळतें. शाळेला, ग्रामपंचायतीला, देवळाला, जेथें जेथें काम घ्याल तेथें हें माप पाळा. आणि ग्रामपंचायतीनें आपल्या उत्पन्नाचे पांच टक्के अपंगांच्या कल्याणासाठीं खर्च करावे असा सरकारी नियम आहे, तो ग्रामसभेंत उभे राहून विचारा. त्यांतून एखाद्या पोराला तीनचाकी मिळेल, एखाद्याला वाचून दाखविणारा मोबाईल मिळेल.

इथें बसलेल्या विद्यार्थ्यांनाहि सांगतों. वर्गांतील अपंग सोबत्याला उचलून नेण्यापूर्वीं त्याला विचारा, "कशी मदत करूं?" आणि तुम्ही काढणीला गेल्यावर त्याचें काय होईल, याचाहि विचार करा. मैत्रीनें दोन महिने निभावतात. तीन वर्षें निभावायला नियम व सोय लागते. म्हणून त्याच्या अर्जावर त्याच्याबरोबर तुम्हीहि सह्या करा.

फार बोललों. आपल्या गांवांत व वाड्यावस्त्यांवर नववी ते बारावीपर्यंत शिकणारीं, किंवा शिक्षण सोडून घरीं बसलेलीं अपंग मुलें-मुली किती आहेत, याची यादी आजवर कुणीं केलेली नाहीं. ती आज करूं. वयाची सवलत आहे, तेव्हां घरीं बसून दोनचार वर्षें झालीं असलीं तरी नांव सांगायला लाजूं नका. मी वही घेऊन इथेंच दाराशीं बसतों. पहिलें नांव त्या सुताराच्या मुलाचें मीं लिहिलें आहे. कॉलेजच्या तळमजल्यावरच्या वर्गासाठीं त्याचा अर्ज याच आठवड्यांत जाईल.